कोरी दोरी

मांतारो नदीच्या खोऱ्यात, चर्चच्या ओसरीवर
तेव्हा न्यायालय भरायचं.
कारकून बाल्तासारच्या पुढ्यात शाई, वाळू, पिसाची लेखणी,
आणि यारुपोमाच्या मांडीवर
एका जाड दोराला लोंबणाऱ्या दोनशे दोऱ्या.
मधे मी, दुभाषा.
वय सोळा, पायांत पहिल्यांदाच जोडे.
पाद्रींनी मला लोरेन्सो केलेलं;
आई सुल्का म्हणायची. सुल्का म्हणजे शेंडेफळ.
माझ्या वरचे दोघे खाणीवर होते.

म्हातारा दोऱ्यांकडे बघत नव्हता,
डोळ्यांत फूल पडलेलं त्याच्या.
बोटं तेवढी उतरत होती,
शतक, दशक, एकं,
लामा उतरणीवर आधी पाय टाकून बघते
आणि मगच भार देते, तशी.

'पिवळी दोरी मक्याची. चारशे बारा पोती.
डोंगरावरच्या कोठारातून नेली, घोड्यांना घातली.
तपकिरी, लामा. एकोणसाठ. त्यांतल्या दोन गाभण.'

बाल्तासारनं मान वर केली.
'गाभण हे कुठं लिहिलंय?'
म्हाताऱ्यानं दोरीचा पीळ माझ्या अंगठ्याखाली दिला.
'हा डावीकडे वळलाय. लागतंय हाताला?'
लागलं.
आईच्या चातीची भिरभिर ऐकत झोपलेलं पोर मी,
मला नाही लागणार?
पण कारकुनाला सांगितलं,
'त्याला आठवतं.'

मग थंडीत गोठवून, पायांनी तुडवून वाळवलेले बटाटे,
मग मीठ, मग घोंगड्या, मग वहाणा,
मग पूल बांधायला लागलेल्या गवताच्या पेंढ्या,
आणि त्या पुलावरून आले कोण, तेही.
दुपार कलली. लेखणी खरखरत होती.

'लाल दोरी,' तो म्हणाला.
'पाऱ्याच्या खाणीवर नेलेली माणसं. एकतीस.'
एकतीस. लेखणी खरखरली.
'आणि शेजारची पांढरी, परत आलेली.'

त्याचं बोट वरून निघालं,
शतकाच्या जागी थांबलं,
दशकाच्या जागी थांबलं,
एकंच्या जागी जरा जास्तच थांबलं,
आणि टोकाशी सुटलं.
'चुसाक,' तो म्हणाला.

आमच्या भाषेत चुसाक म्हणजे रिकामं.
जो आपल्या जागेवर नाही, तोही चुसाक.
त्याची जागा मात्र असते,
तिथं कुणी गाठ मारत नाही,
कुणी दोरी कापतही नाही.

'काय म्हणतो?' बाल्तासार.
माझ्या जोड्यांत घाम आलेला.
'काही नाही,' मी म्हटलं.

कागद महाग.
रिकाम्या जागेला त्यात जागा नसते.
एकतीसच्या खाली लगेच कोंबड्या आल्या,
चौऱ्याऐंशी.

पण त्याआधी खरखर थांबली होती,
आणि आंधळ्याला ते कळलं होतं.
बोट पांढऱ्या दोरीवर तसंच ठेवून
त्यानं हळूच मला विचारलं,
'लिहिलं?'
'लिहिलं.'

पुढं हुकूम आला, दोऱ्या म्हणजे सैतानाचं लिखाण.
चौकात ढीग पेटला. लोकर जळताना
केस जळल्याचा वास येतो.
सुंभ जळतं पण पीळ जळत नाही म्हणतात,
आणि ते खरंही आहे, मी वाकून पाहिलं:
राखेत पीळ जसाच्या तसा, डावा तो डावा.
उचलायला गेलो
तर बोटाला नुसतीच राख.

बाल्तासारचा कागद मात्र आहे.
लिमाला, कुठल्याशा पेटीत, माझ्या सहीसकट.

आता मीही डोळ्यांनी अधू.
आईची चाती काढलीय,
पांढरी लोकर कातत बसतो.
पोरं विचारतात, आजोबा,
एवढी दोरी वळलीत, एकही गाठ नाही?
मोजताय तरी काय?

मी त्यांचा अंगठा धरून
वरच्या टोकावर ठेवतो.
हळू, म्हणतो. घाई नको.
इथं थांब.
आता इथं.